नेकरच्या काठी एक हिवाळा

फेब्रुवारीच्या अखेरीस रात्री साडेदहाला फोन वाजला. पलीकडे तिची अम्मी. आवाज घाबरलेला. "मॅडम, पोरीचे मार्क आलेत. १.७! पाच-सहा लाख घालवून १.७? नापासच झाली ना हो?"

मला हसू आवरेना. जर्मनीत गुण उलटे मोजतात. १.० म्हणजे सर्वांत वर, ४.० म्हणजे जेमतेम पास, त्यापुढे नापास. १.७ म्हणजे उत्तम. हे समजावून सांगितल्यावरही अम्मींनी दोनदा विचारलं, "नक्की ना?"

ही मुलगी आठवी ते दहावी माझ्या वर्गात होती. रत्नागिरी जिल्ह्यातलं खाडीकाठचं गाव, मराठी माध्यमाची शाळा, घरी कोकणी बोली, मदरशात उर्दू. पुढे राज्यशास्त्रात एम.ए. करताना तिच्या विद्यापीठाचा जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाशी असलेला विद्यार्थी-अदलाबदलीचा करार तिला कळला आणि २०२४-२५ च्या हिवाळी सत्रासाठी तिची निवड झाली. हायडेलबर्ग हे जर्मनीतलं सर्वांत जुनं विद्यापीठ, स्थापना १३८६ ची. पण आमच्या मोहल्ल्यात चर्चा झाली ती वेगळीच. एकटी मुलगी, सहा महिने, तेही युरोपात.

आधी पैशांचं सांगते, कारण बहुतेक घरांत गाडी तिथेच अडते. हायडेलबर्ग ज्या राज्यात आहे, त्या बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १,५०० युरो फी आहे. करारातून येणाऱ्यांना मात्र ती माफ असते. विमान, खोली, जेवण, विमा हे आपलं आपण. शिवाय व्हिसासाठी राहण्या-खाण्याची रक्कम आधीच एका 'ब्लॉक्ड अकाउंट'मध्ये भरून दाखवावी लागते. त्या वर्षी ती महिन्याला ९९२ युरो होती. सहा महिन्यांचे झाले ५,९५२ युरो, म्हणजे साडेपाच लाखांच्या आसपास. हे पैसे बुडत नाहीत, तिथे गेल्यावर दर महिन्याला थोडे थोडे आपल्यालाच मिळतात. पण आधी उभे तर करायला हवेत! बँकेचं व्याजी कर्ज घ्यायला वडील तयार नव्हते. शेवटी कुवेतच्या मामूंनी आणि फुफीने कर्जे-हसना दिलं. वहीत दोघांच्या नावाने रकमा लिहिल्या, सह्या झाल्या. आपल्याकडे लग्नाच्या हॉलसाठी अशी मदत पटकन उभी राहते. शिक्षणासाठी राहताना मी फार क्वचित पाहिली आहे, म्हणून मुद्दाम लिहिते.

ऑक्टोबरात ती पोहोचली. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो, रविवारी दुकानं बंद असतात, तास सव्वाचा असेल तर सव्वालाच सुरू होतो, या गोष्टी ती आठवड्याभरात शिकली. वर्गात बोलायला शिकायला मात्र महिना गेला.

तिथे सेमिनारला पंधरा-वीस मुलं गोल बसतात. प्राध्यापक कमी बोलतात, मुलं जास्त. आठवड्याला चाळीस-पन्नास पानं वाचून यायचं आणि स्वतःचं मत मांडायचं. तीन आठवडे ही गप्प. चौथ्या आठवड्यात प्राध्यापकांनी थेट विचारलं, "तुम्हाला या लेखकाचं कुठे पटत नाही?" तिने मला रात्री मेसेज केला: "मॅडम, कुठे पटत नाही असं मला आजपर्यंत कुणी विचारलंच नव्हतं." मी तो मेसेज वाचला आणि फोन बाजूला ठेवला. तीन वर्षं मी शिकवलं होतं तिला. मीही विचारलं नव्हतं.

मग ती बोलू लागली. विषय होता दक्षिण आशियातील स्थानिक स्वराज्य संस्था. राखीव जागेवर सरपंच झालेल्या आपल्या चाचीबद्दल तिने सांगितलं, ग्रामसभेत चाची बसते कुठे, सही कोण करतं, हे सगळं. तास संपल्यावर मुलांनी बोटांच्या सांध्यांनी बाकं ठोकली. ही घाबरली, काही चुकलं वाटतं. तिथे टाळ्यांऐवजी असंच करतात.

नमाजचा प्रश्न मुलींच्या आया मला सर्वांत आधी विचारतात. डिसेंबरात तिथे सूर्य सव्वाआठच्या पुढे उगवतो आणि साडेचारच्या सुमारास मावळतो. दुपारी साडेबारा ते साडेचार या चार तासांत जुहर, असर आणि मगरिब तिन्ही येतात, आणि तासही नेमके तेव्हाच. फजर मात्र निवांत, सात वाजताही वेळ असते. रिकामी वर्गखोली शोधून ती नमाज पढायची. अडचण वजूची. सार्वजनिक बेसिनमध्ये पाय धुताना लोक बघतात. मशिदीत भेटलेल्या एका तुर्की आजीने तिला चामड्याचे मोजे दिले. सकाळी वजू करून ते घातले की दिवसभर त्यावर मसह करता येतो. हा मसला मी मदरशात वाचला होता, वापरलेला कधी पाहिला नव्हता.

मशीद तुर्की लोकांची. १९६१ मध्ये जर्मनीने तुर्कस्तानशी करार करून कामगार बोलावले, त्यांचीच ही तिसरी-चौथी पिढी. आपल्या गावात मशिदीची पायरीही न चढलेली ही मुलगी तिथे पहिल्यांदा जमाअतीत उभी राहिली, वरच्या मजल्यावर, बायकांच्या सफेत. आपण कोकणी शाफई, ते हनफी. फातिहा संपल्यावर सवयीने हिने मोठ्याने "आमीन" म्हटलं आणि सगळी सफ शांत! नमाजनंतर तोंड लपवत निघाली तर त्याच आजीने हात धरून चहाला बसवलं. भाषा कुणाचीच कुणाला येत नव्हती. दर जुम्म्याला ती जाऊ लागली.

खाण्यात फार हाल झाले नाहीत. मेसमध्ये शाकाहारी जेवण मिळतं, तुर्की दुकानात हलाल गोश्त. फक्त रंगीत चघळगोळ्या घेताना पाकीट वाचावं, त्यातलं जिलेटिन बऱ्याचदा डुकराचं असतं. अम्मीने सुकट बांधून दिली होती. ती भाजली त्या दिवशी तीन अंश थंडीत सहा जणांच्या सामायिक स्वयंपाकघराच्या खिडक्या रात्रभर उघड्या होत्या. पुढचं विचारू नका.

मी उर्दू शिकवते, त्यामुळे माझा एकच हट्ट होता. अल्लामा इकबाल १९०७ मध्ये जर्मन शिकायला हायडेलबर्गला राहिले होते. नेकर नदीकाठच्या संध्याकाळच्या शांततेवर त्यांची नज्म आहे, आणि त्या काठाच्या रस्त्याला 'इकबाल-उफर' असं नाव आहे. तिथून तिने व्हिडिओ कॉल केला. मला तिचा एक शब्द ऐकू येईना. "मॅडम, गाड्या फार आहेत इथे!" ती ओरडत होती.

एक चूक मात्र महागात पडली, ती जाणाऱ्या मुलांसाठी सांगते. तिथलं सत्र ३० क्रेडिटचं, एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचा अभ्यास. कोणते विषय घेणार हे निघण्यापूर्वी दोन्ही विद्यापीठांनी सही करून ठरवायचं असतं. ऑक्टोबरात दोन तासांची वेळ एकच आली, म्हणून हिने एक विषय बदलला. तिथल्या प्राध्यापकांना विचारलं, इथल्या विभागाला कळवलं नाही. परत आल्यावर तो विषय इथे धरला गेला नाही. १.७ मिळाले होते ते नेमके त्याच विषयात. जूनमध्ये तिला इथला पेपर वेगळा द्यावा लागला. विषय बदलला की त्याच दिवशी आपल्या विभागाकडून लेखी मंजुरी घ्या, तोंडी होकारावर थांबू नका.

शेवटचे निबंध पुरे करून ती मार्चच्या मध्यावर परतली. जर्मनीत रमजान १ मार्चला सुरू झाला, आपल्याकडे २ ला. त्यामुळे मुलीचा रोजा अम्मीच्या एक दिवस आधी सुरू झाला होता, यावर घरी अजून वाद चालतो.

ईदला मी त्यांच्याकडे गेले. ती दादीला मशिदीचे फोटो दाखवत होती. दादी हजला गेली तेव्हा हरममध्ये जमाअतीत उभी राहिली होती, त्यानंतर कधीच नाही. बराच वेळ तिने तो वरच्या मजल्याचा फोटो न्याहाळला. मग मुलाकडे, म्हणजे मुलीच्या अब्बांकडे वळून म्हणाली, "आपल्या मशिदीत केलंत तर खाली करा रे. माझ्याने जिना चढवत नाही."