राहिलेली मात्रा

गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा तालुक्यात, डोंगर आणि वनराजी यांच्या कुशीत बोदलकसा जलाशय आहे. हा मुलूख धानाचा. पावसाळ्यात येथे रोवणीची घाई असते. उन्हाळ्यात तेंदूची पाने तोडण्याचे काम निघते. अशा दिवसांत आईबाप पहाटेच घराबाहेर पडतात आणि एखाद्या बालकाच्या लसीकरणाचा दिवस हुकतो.

एक मात्रा हुकली, तर एवढे काय बिघडले, असे कोणास वाटेल. परंतु लस म्हणजे शरीराला शत्रूची आगाऊ करून दिलेली ओळख होय. तीत दुर्बल केलेले अथवा मृत रोगजंतू किंवा त्यांचा अंश असतो. त्यावरून शरीर लढण्याची तयारी करून ठेवते. पुष्कळदा एका ओळखीने ही तयारी पुरी होत नाही. म्हणूनच घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांवरील संयुक्त लस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यांत देतात. गोवराची लसही दोनदा देतात.

मागे राहिलेल्या बालकांसाठी भारत सरकारने २०१४ मध्ये ‘मिशन इंद्रधनुष’ आरंभिले. गावोगावच्या आशा स्वयंसेविका अशा बालकांची यादी करतात, घरी जाऊन लसीकरणाचे कार्ड पाहतात व आईशी बोलतात. “आता सारे पुन्हा पहिल्यापासून करावे लागेल काय?” ही आईची शंका असते. तसे करावे लागत नाही. घेतलेल्या मात्रा वाया जात नाहीत. जेथे खंड पडला, तेथून पुढे आरंभ करतात. मात्र काही लशींना वयाची मर्यादा असल्याने विलंब करणे बरे नव्हे.

लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. म्हणून आरोग्यसेविका ती बर्फ घातलेल्या पेटीतून आणतात. कुपीवर एका वर्तुळात फिकट चौकोन असतो. उष्णतेने तो वर्तुळाइतका गडद झाला, की ती कुपी टाकून देतात.

अशाच अविश्रांत श्रमांमुळे २०११ नंतर भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा एकही रुग्ण आढळला नाही.

गोवर अतिशय वेगाने पसरतो, आणि नऊ महिन्यांच्या आतील तान्ह्या बाळांना त्याची नेहमीची लस देत नाहीत. भोवतालच्या मुलांनी आपल्या मात्रा पूर्ण केल्या, तर गोवर त्या पाळण्यापर्यंत सहसा पोचत नाही. वनाकाठच्या शेवटच्या घराची कडी आशाताई वाजवतात, ती एका मुलासाठी. पण त्या एका मात्रेने शेजारचे तान्हे बाळही सुरक्षित होते.