ईदेचा पोशाख : रीत कोणती, आज्ञा कोणती?

रमजानचे रोजे संपून शव्वालची चंद्रकोर दिसली की मोहल्ल्यामोहल्ल्यांतून नवे सदरे, जाळीच्या टोप्या आणि अत्तराचे फाये यांची लगबग सुरू होते. ही शोभा पाहताना जिज्ञासू वाचकाच्या मनात सहज प्रश्न उठतो : यात धर्माज्ञा किती आणि लोकाचार किती? धर्मशास्त्राचे ग्रंथ चाळताना विधी आणि शिष्टाचार वेगळे करण्याची सवय आम्हांस जडली आहे. तोच विवेक इस्लामी शास्त्रकारांनीही किती काटेकोरपणे केला आहे, हे पाहून आम्हांस संतोष वाटतो.

त्यांनी कर्मांच्या पायऱ्याच लावून दिल्या आहेत. टाळता न येणारे ते फर्ज. पैगंबरसाहेबांच्या आचरणातून आलेले ते सुन्नत. केले तर उत्तम ते मुस्तहब. केले वा न केले तरी सारखेच ते मुबाह. नापसंत ते मकरूह आणि निषिद्ध ते हराम. नमाजाच्या वेळी लज्जारक्षण करणारे स्वच्छ वस्त्र अंगावर असणे अनिवार्य आहे. टोपी मात्र नमाजाची अट नव्हे. ती अदब होय. इतकेच नव्हे, हजयात्रेत इहराम धारण केलेल्या पुरुषाने मस्तक झाकणेच वर्ज्य! तेथे राव आणि रंक दोघांच्याही अंगावर न शिवलेली दोनच वस्त्रे.

दाढीविषयीही एकवाक्यता नाही. हनफी शास्त्रकार मूठभर दाढी राखणे आवश्यक मानतात. शाफई परंपरेतील अनेक मान्यवर ती उतरविणे नापसंत ठरवितात, निषिद्ध नव्हे. आपल्या कोकणातील मुसलमान बहुतांशी शाफई आणि देशावरील बहुतांशी हनफी. म्हणजे ही दोन्ही मते महाराष्ट्रातच शेजारी शेजारी नांदतात.

काळही रीतीला आज्ञेचे रूप देतो. तुर्की टोपी सुलतान दुसरा महमूद याने १८२९ मध्ये सरकारी नोकरांना सक्तीची केली. पुढे तीच धर्माची खूण समजली जाऊ लागली आणि १९२५ मध्ये तुर्कस्तानच्या प्रजासत्ताकाने ती कायद्याने बंद केली. धर्म होता तेथेच होता. टोपी मात्र आली आणि गेली.

स्त्रियांच्या शिरोवस्त्राचा प्रश्न अधिक नाजूक. मस्तक झाकणे बहुसंख्य शास्त्रकार अनिवार्य मानतात. चेहरा झाकण्याविषयी मतभेद आहेत. कर्नाटकातील हिजाबच्या वादात ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचीही मते भिन्न पडली. जेथे मुलींचे शिक्षण पणाला लागते, तेथे बाहेरच्या माणसाने घाईने निवाडा देऊ नये, असे आम्हांस वाटते.

आता पुन्हा ईदेकडे वळू. त्या सकाळी स्नान करावे, सुगंध लावावा, आपल्यापाशी असेल त्यातले उत्तम वस्त्र ल्यावे, ही सुन्नत. वस्त्र नवेच हवे, असे शास्त्र कोठेही म्हणत नाही. तरीही लेकरांच्या नव्या कपड्यांसाठी कर्ज काढणारा बाप घरोघर सापडतो. जो खरोखर चुकवू नये तो फितरा : ऐपत असलेल्याने स्वतःचे व अजाण लेकरांचे धान्य किंवा त्याचे मोल ईदेच्या नमाजापूर्वी गरिबाच्या हाती पोचवावयाचे, म्हणजे त्याच्याही चुलीवर त्या दिवशी गोड शिजेल. नवा सदरा ही रीत, फितरा हे कर्तव्य. वाचकहो, शेजाऱ्याची श्रद्धा त्याच्या दाढीच्या लांबीवरून मोजण्यापूर्वी, एवढा भेद ध्यानी धरावा.