वॅट नव्हे, ल्यूमेन बघा!

दिवा घेताना आपण अजूनही “किती वॅटचा?” असंच विचारतो. वॅट म्हणजे विजेचा खप. उजेड किती मिळणार ते ल्यूमेन सांगतात, आणि तो आकडा खोक्यावर छापलेला असतो. एका चौरस मीटरवर एक ल्यूमेन पडला की झाला एक लक्स.

१० बाय १२ फुटांची खोली घ्या, साधारण ११ चौरस मीटर. रोजच्या वावराला १५० लक्स धरू. १५० गुणिले ११, म्हणजे १६५०. पण सगळा उजेड कामाच्या उंचीपर्यंत पोचत नाही. भिंती आणि छत थोडा गिळतात, म्हणून फिकट रंगाला ०.६ धरा (गडद भिंतींना आणखी कमी). धूळ आणि दिव्याचं वय यांसाठी ०.८. दोन्हींचा गुणाकार ०.४८. आता १६५० भागिले ०.४८, सुमारे ३४०० ल्यूमेन. २००० ल्यूमेनच्या दोन एलईडी ट्यूब पुरतात.

अभ्यासाला मात्र वहीवर ३०० लक्स तरी हवेतच. त्यासाठी ट्यूब वाढवू नका, टेबललॅम्प घ्या. छोटा दिवा निम्म्या अंतरावर आणला की उजेड जवळजवळ चौपट होतो. मूल उजव्या हाताने लिहीत असेल तर तो डावीकडे ठेवा, हाताची सावली अक्षरांवर पडणार नाही.