एमजीबीचे इंजिन ओळखताना

इंजिन : बीएमसी 'बी' सीरिज, चार सिलिंडर, 1,798 सीसी. बोअर 80.26 मिमी, स्ट्रोक 88.9 मिमी.

गाडीचे उत्पादन : 1962 ते 1980, ॲबिंग्डन, इंग्लंड.

क्रमांकाची सुरुवात
• 18जी, 18जीए : तीन मेन बेअरिंगचा क्रँकशाफ्ट.
• 18जीबी : 1964 पासून. पाच मेन बेअरिंग.
• 18व्ही : 1970च्या दशकातील इंजिने.
• पुढील 'एच' म्हणजे उच्च कॉम्प्रेशन, 'एल' म्हणजे कमी.

दोन क्रमांक, दोन अर्थ
• इंजिन क्रमांक : ब्लॉकच्या उजव्या बाजूच्या पट्टीवर. त्या विशिष्ट इंजिनाची ओळख.
• ओतीव क्रमांक : ब्लॉकवर उठावदार अक्षरांत. फक्त ओतकामाचा प्रकार कळतो.

दुरुस्तीपूर्वी
• तीन बेअरिंगचा क्रँकशाफ्ट पाच बेअरिंगच्या ब्लॉकमध्ये बसत नाही.
• 'गोल्ड सील' म्हणजे कारखान्याने नूतनीकरण करून दिलेले बदली इंजिन; त्याचा क्रमांक मूळ नोंदीशी जुळत नाही.

भारतीय नातेवाईक : अँबॅसडरचे 1,489 सीसी पेट्रोल इंजिनही 'बी' सीरिजचेच.

मूळ नोंद : गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियम कारखान्याच्या नोंदींवरून हेरिटेज प्रमाणपत्र देते.