१८० दिवस कोण थांबणार? नाटोची योजना ठरते कशी

मागच्या भागात आपण नाटोचं पाचवं कलम पाहिलं: एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला. ठीक. पण हल्ला झालाच, तर कोणी कुठे पळायचं हे ठरवतं कोण?

एस्टोनिया घ्या. लोकसंख्या नाशिक शहरापेक्षा कमी, शेजारी रशिया. जून २०२२ मध्ये तिथल्या तेव्हाच्या पंतप्रधान काया कालास पत्रकारांना सरळ म्हणाल्या, की नाटोच्या योजनेनुसार आमचा देश आधी शत्रूच्या हाती जाणार आणि १८० दिवसांनी सोडवला जाणार. युक्रेनमधलं बुचा रशियाच्या ताब्यात जेमतेम महिनाभर होतं. तिथे काय सापडलं, ते आपण पाहिलंय.

मग योजना बदलायची कशी? नाटोत मतदान नसतं. ३२ देशांचं एकमत लागतं. बऱ्याचदा मसुदा फिरवतात, मुदत देतात आणि तोवर कोणी हरकत घेतली नाही की मंजूर! आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपसारखंच: 'आठपर्यंत कोणी बोललं नाही तर होकार समजू.' स्वतःचं सैन्य नसलेला आइसलँडसुद्धा अडवू शकतो.

आधी धोका कोणाचा, यावर एकमत होतं. २०१० च्या लिस्बन दस्तऐवजात रशियाशी भागीदारी हवी होती. २०२२ मध्ये माद्रिदला तोच रशिया 'सर्वात मोठा आणि थेट धोका' झाला. हे नुसते शब्द वाटतात, पण त्यांच्याशिवाय सेनापती नकाशाच उघडू शकत नाहीत. पुढच्याच वर्षी विल्नियसला नव्या प्रादेशिक योजना मंजूर झाल्या: कुठला भाग कोणी, कशाने राखायचा.

त्याआधी, २०१७ पासून, तीन बाल्टिक देश आणि पोलंडमध्ये साधारण हजार-हजार सैनिकांच्या तुकड्या होत्या. एस्टोनियात ब्रिटिशांच्या नेतृत्वाखाली. हजार जण रशियाला थोडेच अडवणार? पण हल्ल्यात ब्रिटिश सैनिक मेले, तर लंडनला गप्प बसता येणार नाही, हा हिशोब. थोडा क्रूर आहे, मला विचाराल तर. आता जर्मनी लिथुआनियात सुमारे ५,००० जणांची कायमची ब्रिगेड उभी करतेय, २०२७ पर्यंत.

एक गोम मात्र राहतेच. पाचव्या कलमात प्रत्येक देशाने 'स्वतःला आवश्यक वाटेल ती' कृती करायची असं लिहिलंय. सैन्य पाठवायचंच, असं नाही. म्हणून तर एस्टोनियाला कागदापेक्षा आपल्या जमिनीवर आधीच उभे असलेले सैनिक हवेत.