शिडाच्या जहाजांवरून आलेली इंग्रजी

वाक्प्रचाराचा रूढ अर्थ त्यातील शब्दांच्या अर्थांची बेरीज करून हाती लागत नाही, आणि परभाषा शिकणारा शब्दकोश जवळ असूनही अडखळतो तो बहुधा याच ठिकाणी. मराठी वृत्तपत्रांत उमेदवार शड्डू ठोकतात आणि प्रतिस्पर्ध्याला धोबीपछाड देतात, तेव्हा मराठी वाचकाला अर्थ विचारावा लागत नाही, कारण तालमीची लाल माती त्याच्या परिचयाची असते. महाराष्ट्रात जे काम आखाड्याने केले, ते इंग्रजीत बऱ्याच अंशी शिडाच्या जहाजाने केले. नेपोलियनविरुद्धच्या युद्धांच्या अखेरच्या वर्षांत ब्रिटिश आरमारात सव्वा लाखाहून अधिक माणसे होती, व्यापारी जहाजांवरचे खलाशी वेगळेच. आणि ही माणसे बंदरात उतरली की त्यांची बोली त्यांच्याबरोबर गुत्त्यांत, बाजारांत आणि घरांत शिरे.

ही बोली उमजण्यासाठी वारा आणि शीड यांचे नाते ध्यानी घ्यावे लागते. ‘टेकन अबॅक’ म्हणजे चपापलेला. वारा एकाएकी फिरून समोरून आदळला की शिडे उलटी डोलकाठीवर दाबली जात, जहाजाची गती खुंटे, प्रसंगी डोलकाठी मोडण्याचेही भय असे. म्हणून हा प्रयोग साध्या नवलापेक्षा, चालता माणूस अनपेक्षित गोष्टीने जागीच थबकतो तेव्हा अधिक शोभतो. ‘बाय अँड लार्ज’ म्हणजे ‘एकंदरीत’, पण शब्दांवरून तसा काहीच बोध होत नाही. वाऱ्याच्या दिशेला शक्य तितके तोंड करून जाणे हे ‘बाय’ आणि वारा पाठीमागच्या बाजूने घेऊन मोकळे जाणे हे ‘लार्ज’. दोन्ही प्रकारांत नीट चालणारे जहाज सर्व परिस्थितींत चांगले ठरे, आणि त्यातूनच ‘सगळ्या बाजूंनी पाहता’ हा अर्थ रुळला.

‘थ्री शीट्स टु द विंड’, म्हणजे दारू पिऊन पुरता झिंगलेला, हे या सर्वांतील सर्वात फसवे उदाहरण म्हणावे लागेल. येथील ‘शीट’ ही चादर नव्हे आणि, खुद्द इंग्रजांनाही पुष्कळदा वाटते तसे, शीडही नव्हे. तो शिडाचे खालचे टोक ताणून धरणारा दोर होय. असे दोर सुटून वाऱ्यावर उडू लागले की शीड ताब्यात राहत नाही आणि जहाज झोकांड्या खात भरकटते. जुन्या वापरात एकच दोर सुटलेला माणूस जेमतेम तरतरीत झालेला समजला जाई, त्यामुळे दोरांच्या संख्येवरून नशेची पायरीही कळत असे. ‘बिटर एंड’मधील कडूपणाही असाच उशिरा आलेला दिसतो. कॅप्टन जॉन स्मिथ यांच्या 1627 मधील नौकानयनविषयक पुस्तकात ‘बिटर’ हा नांगराच्या दोराचा जहाजावरील खुंटांभोवती घेतलेला वेढा आहे, आणि तो संपला की सोडायला आणखी दोर उरत नाही. शब्दसाधर्म्यामुळे पुढे त्यात कडू हा अर्थ मिसळला, आणि आज या प्रयोगात कितीही सोसावे लागले तरी अखेरपर्यंत टिकण्याची छटा आहे.

मात्र समुद्राशी जोडलेली प्रत्येक कथा खरी नसते. कडाक्याच्या थंडीचे वर्णन करणाऱ्या इंग्रजी प्रयोगातील ‘पितळी माकड’ म्हणजे तोफगोळे रचण्याची तबकडी होती, असे अनेक पुस्तकांत छापले जाते. वस्तुतः जहाजांवर गोळे लाकडी फळ्यांतील खोबणींत ठेवले जात, आणि जुन्या नोंदींत थंडीने या माकडाचे नाक किंवा शेपूट गळून पडते, तेव्हा ते बहुधा माकडाचीच मूर्ती असावे. प्रत्येक वाक्प्रचाराला दर्यावर्दी जन्म चिकटवणाऱ्या एका काल्पनिक समितीची थट्टा इंग्रजी अभ्यासकांत रूढ आहे, आणि त्या समितीच्या नावातील आद्याक्षरे जुळवली की ‘कॅनू’, म्हणजे होडी, असा शब्द तयार होतो.

‘टर्न अ ब्लाइंड आय’ या प्रयोगाची कथा थोडी वेगळी आहे. 1794 मध्ये कॉर्सिकातील काल्वी येथे उजव्या डोळ्याची दृष्टी गमावलेल्या नेल्सन या ब्रिटिश नौसेनापतीने 1801 च्या कोपनहेगनच्या लढाईत, वरिष्ठांचा माघारीचा संकेत दिसू नये म्हणून, त्याच डोळ्याला दुर्बीण लावली, असे सांगितले जाते. पण हा प्रयोग 17व्या शतकाच्या अखेरीसही लिखाणात आढळतो. नेल्सनच्या कथेने त्याला प्रसिद्धी दिली एवढेच. मराठीतील ‘काणाडोळा करणे’ तर कोणत्याही नौसेनापतीवाचून तोच अर्थ सांगते.

‘डोलड्रम्स’चा प्रवास जहाजांवरून आलेल्या प्रयोगांच्या अगदी उलट झाला. विषुववृत्ताजवळच्या ज्या पट्ट्यात वारा पडतो आणि शिडाची जहाजे आठवडेच्या आठवडे अडकून पडत, त्याचे हे नाव. परंतु 19व्या शतकाच्या आरंभी हा शब्द केवळ मनाच्या मरगळीसाठी वापरला जाई आणि समुद्राच्या त्या भागाला तो नंतर मिळाला. तरीही बाजारपेठ ‘डोलड्रम्स’मध्ये असल्याची बातमी वाचताना समुद्राकडून आलेला अर्थच उपयोगी पडतो, कारण तेथे अडकलेल्या जहाजात बिघाड काहीच नसे, फक्त वारा नसे.