जिवाणूंच्या तटबंदीला जिवाणूंचाच सुरुंग

दातांवर रात्रभरात साचणारा बुळबुळीत थर, मूत्रमार्गातील नळीच्या आतून धरणारे किटण आणि कृत्रिम सांध्याच्या धातूला बिलगलेला चिवट पापुद्रा ही एकाच रचनेची रूपे असून सूक्ष्मजीवशास्त्रात तिला बायोफिल्म किंवा जैवपटल म्हणतात. पृष्ठभागाला चिकटलेले जिवाणू स्वतःभोवती बहुशर्करा, म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या, तसेच प्रथिने आणि पेशीबाहेर आलेला डीएनए यांचे आवरण तयार करतात. या आवरणात काही प्रतिजैविके अडकून पडतात. शिवाय आतल्या थरांत अन्न आणि प्राणवायू तुटपुंजा असल्याने तेथील जिवाणूंची वाढ मंदावते, आणि अनेक प्रतिजैविके वाढत्या पेशींवरच घाव घालत असल्यामुळे सुट्या जिवाणूंना मारणाऱ्या मात्रेच्या शेकडो पट मात्राही कधी कधी निष्प्रभ ठरते.

मात्र अन्न संपले की जैवपटलातील जिवाणूंनाही बाहेर पडावे लागते, आणि त्यासाठी लागणारी विकरे, म्हणजे रासायनिक बंध तोडणारी प्रथिने, त्यांच्यापाशीच असतात. हिरड्यांच्या आजाराशी निगडित असलेल्या अ‍ॅग्रेगॅटिबॅक्टर अ‍ॅक्टिनोमायसेटेमकोमिटन्स या जिवाणूच्या वसाहतीतून काही पेशी सुटून शेजारी नव्या वसाहती थाटतात. जेफ्री कॅप्लान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये या सुटकेमागचे विकर शोधून काढले आणि पुढे ते डिस्पर्सिन बी या नावाने ओळखले जाऊ लागले. आवरणातील बहुशर्करेत एका घटकाचा पहिला कार्बन पुढच्या घटकाच्या सहाव्या कार्बनला ज्या बंधाने जोडलेला असतो, तोच बंध हे विकर तोडते. त्वचेवर राहणारा आणि शरीरात बसवलेल्या उपकरणांवर संसर्ग घडवणारा स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हीच बहुशर्करा वापरत असल्यामुळे एका जातीचे विकर दुसऱ्या जातीचे जैवपटल मोकळे करू शकते, हे प्रयोगशाळेत दिसून आले.

सर्वच आवरणे साखरेच्या आधारावर उभी नसतात. स्यूडोमोनास एरुजिनोसाच्या कोवळ्या जैवपटलाला डीएनएचा आधार असतो आणि डीएनए तोडणारे विकर मिसळल्यास ते विरघळते, हे 2002 मध्ये सिद्ध झाले. तर 2010 मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी समुद्री शेवाळावर राहणाऱ्या बॅसिलस लायकेनिफॉर्मिसपासून न्यूक-बी हे असेच विकर मिळवले. आवरणाची घडण जातीगणिकच नव्हे, तर एकाच जातीच्या वाणांगणिकही बदलत असल्याने शर्करा, प्रथिने आणि डीएनए तोडणारी विकरे एकत्र वापरण्याकडे संशोधकांचा कल आहे.

या उपायाची खरी कसोटी मात्र आवरण फुटल्यानंतर लागते, कारण ही विकरे सामान्यतः जिवाणूंना मारत नाहीत, केवळ मोकळे करतात. अमेरिकेत उंदरांच्या संसर्गित जखमांवर शर्करा तोडणारी विकरे वापरली असता सुटलेले जिवाणू रक्तात पसरून प्राणघातक जंतुदोष झाल्याचे 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले, तर जोडीला प्रतिजैविक दिल्यावर हा धोका टळला. सुटा झालेला जिवाणू औषधाला पुन्हा बळी पडू शकतो, हे या उपचाराचे सामर्थ्य आहे. पण तो शरीरभर फिरूही शकतो, हीच त्याची जोखीम आहे. त्यामुळे विकराला प्रतिजैविकाचा पर्याय मानणे घातक ठरेल. विकराने वाट मोकळी करावी आणि त्याच वेळी योग्य प्रतिजैविक पुरेशा मात्रेत तेथे हजर असावे, या दोन गोष्टींची सांगड रुग्णाच्या शरीरात घालता आली, तरच प्रयोगशाळेतील हे यश उपचार म्हणून उभे राहील.